जादा मालाचं दुकान: ग्रोसरी आउटलेट इतकं स्वस्त विकू कसं शकतं?

अमेरिकेत ऑगस्ट संपता संपता दुकानांच्या फळ्यांवर भोपळा आणि दालचिनीच्या चवीचा माल चढायला लागतो. कॉफीत घालायचं क्रीम, बिस्किटं, दही, पॅनकेकचं पीठ, सगळीकडे 'पंपकिन स्पाइस'. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग होतं आणि लगेच त्याच फळ्यांवर नाताळचा पेपरमिंटचा माल मांडायचा असतो. अशा वेळी फेब्रुवारीपर्यंत मुदत असलेलं भोपळ्याचं क्रीम ट्रकच्या ट्रक भरून कंपनीच्या गोदामात पडून राहतं. त्यात खोट काही नसते. फक्त नेहमीच्या दुकानांना ते आता नको असतं.

अशा मालाला गिऱ्हाईक मिळवून देणं हाच ज्यांचा धंदा आहे, त्या साखळीचं नाव ग्रोसरी आउटलेट. मुख्यालय कॅलिफोर्नियात एमरीव्हिलला, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोहून पूल ओलांडला की लगेच. दुकानं ५००हून जास्त, त्यातली बहुसंख्य कॅलिफोर्निया, ओरेगन आणि वॉशिंग्टन या पश्चिम किनाऱ्यावरच्या राज्यांत. कंपनी २०१९च्या जूनमध्ये शेअर बाजारात आली, तेव्हा तिने गुंतवणूकदारांना सांगितलं होतं की आमच्याकडची टोपली नेहमीच्या सुपरमार्केटपेक्षा सरासरी ४० टक्के आणि मोठ्या स्वस्त दुकानांपेक्षा २० टक्के कमी दरात भरते. किराणा हा अमेरिकेत अत्यंत कमी नफ्याचा धंदा मानला जातो. तिथे ४० टक्के कमी हा आकडा ऐकला की पहिली शंका येते ती मालाबद्दल. मला वाटतं, ही शंका बाजूला ठेवून आधी हा माल जन्माला कसा येतो ते पाहावं. सगळं उत्तर तिथेच आहे.

लग्नाच्या पंगतीचा अंदाज बांधणारा आचारी नेहमी थोडं जास्तच करतो, कारण अन्न उरलं तर चालतं, पण कमी पडलं तर यजमानाची लाज जाते. मोठ्या खाद्यकंपन्यांचंही तसंच असतं. एखाद्या मोठ्या साखळीने दहा हजार खोकी मागवली आणि आपण नऊच हजार देऊ शकलो, तर दंड भरावा लागतो आणि पुढच्या वर्षी फळीवरची जागाही जाऊ शकते. म्हणून माल जास्तच बनतो. कुणी गणितात चुकलं म्हणून नव्हे, तर कमी पडण्याची किंमत जास्त आहे हे ओळखून तो जास्त बनवला जातो. जादा माल हा त्या व्यवस्थेचा नेहमीचा, अपेक्षित भाग आहे.

त्यात आणखी भर पडते. डब्याचं चित्र बदललं की जुन्या डब्यांचा साठा अडचणीचा होतो, कारण एकाच फळीवर दोन चेहऱ्यांचा माल सुपरमार्केटला नको असतो. ऑलिंपिकचं चिन्ह छापलेली सीरिअलची खोकी ऑलिंपिक संपलं की शिळी वाटायला लागतात. एखादी नवी चव बाजारात उतरते आणि चालत नाही. अमेरिकेत नव्या खाद्यपदार्थांत असं वारंवार घडतं. एखाद्या छोट्या कंपनीला कारखाना सांगतो की एका वेळी किमान इतका माल काढावाच लागेल, मग पहिल्याच खेपेत तिच्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त पाकिटं तयार होतात. एखादी साखळी ऐनवेळी ऑर्डर रद्द करते.

आणि मुदतीचा प्रश्न असतोच. मोठी सुपरमार्केटं माल गोदामात उतरवून घेताना त्याची किती मुदत शिल्लक आहे ते बघतात. ठरलेल्या प्रमाणापेक्षा कमी असेल तर ट्रक परत जातो. आपल्याकडे एफएसएसएआयने, म्हणजे भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, नोव्हेंबर २०२४मध्ये ऑनलाइन खाद्यविक्रेत्यांना असंच बजावलं होतं की ग्राहकाच्या हातात माल पडताना मुदतीचा किमान ३० टक्के काळ किंवा ४५ दिवस उरलेले असावेत. ग्राहकाच्या दृष्टीने नियम चांगलाच आहे. पण त्यामुळे गोदामात अशा मालाची एक वेगळी रास तयार होते, जो कायद्याने चांगला, खायला चांगला, आणि तरीही नेहमीच्या वाटेने विकता न येणारा.

मार्च २०२०मध्ये तर हे सगळं एकदम उघड्यावर आलं. कोविडमुळे रेस्टॉरंटं बंद झाली आणि त्यांच्यासाठी भरलेली पिठाची मोठी पोती, मोठे डबे तसेच राहिले. त्याच आठवड्यांत सुपरमार्केटच्या फळ्या मात्र रिकाम्या होत होत्या. रेस्टॉरंटच्या पाकिटांवर पोषणमूल्यांचा तक्ता छापलेला नसतो, म्हणून तो माल घरगुती गिऱ्हाइकाला विकता येत नव्हता. शेवटी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तात्पुरती सूट दिली. एकीकडे तुटवडा आणि दुसरीकडे ढीग, हे एकाच देशात एकाच आठवड्यात घडू शकतं. अन्न असून भागत नाही, योग्य वाटेवर असावं लागतं.

आता माल बनवणाऱ्या कंपनीच्या जागी बसून विचार करू. आकडे मी समजण्यापुरते घेतले आहेत. पास्ता सॉसची एक बाटली बनवायला २ डॉलर लागतात. नेहमीचं सुपरमार्केट ती ३ डॉलरला घेऊन साडेचारला विकतं. अशा एक लाख बाटल्या उरल्या. त्या फेकल्या तर बाटलीमागे २ डॉलर बुडाले, शिवाय वाहतूक आणि कचराभूमीचं भाडं वर. ग्रोसरी आउटलेटने १ डॉलर ४० सेंटला उचलल्या, तर तोटा बाटलीमागे ६० सेंटांवर येतो. दुकानात ती बाटली २ डॉलरला लागते. गिऱ्हाइकाचे अडीच डॉलर वाचतात आणि दुकानाला ६० सेंट ढोबळ नफा (पगार-भाड्यासारखे खर्च वजा करण्याआधीचा) राहतो, म्हणजे विक्रीच्या ३० टक्के. ग्रोसरी आउटलेटचं ढोबळ नफ्याचं प्रमाण प्रत्यक्षातही ३० टक्क्यांच्या आसपासच असतं. म्हणजे हे दुकान कमी नफा घेऊन स्वस्त विकतं असं नाही. ढोबळ नफा ते इतर सुपरमार्केटांसारखाच घेतं, खरेदीच मुळात स्वस्तात होते.

आपल्याकडे स्वस्त किराणा म्हटलं की डीमार्ट आठवतं, म्हणून फरक सांगतो. डीमार्ट बहुतेक दुकानं स्वतःच्या मालकीच्या जागेत चालवतं, पुरवठादारांचे पैसे लवकर देतं, झपाट्याने खपणारा ठरावीक माल भरपूर घेतं, आणि त्यातून दर पाडतं. तिथे आज मिळणारी तूरडाळ पुढच्या महिन्यातही मिळते. ग्रोसरी आउटलेटच्या खरेदीपैकी जवळपास निम्मी मात्र संधी साधून झालेली असते. दूध, अंडी, भाजी, मांस हा रोजचा माल ते नेहमीच्या पद्धतीने घेतात, कारण त्याशिवाय गिऱ्हाईक फिरकणार नाही. उरलेला निम्मा माल आज आहे, पुढच्या आठवड्यात असेलच असं नाही. साखळीचे गिऱ्हाईक या अनिश्चिततेलाच सरावलेले आहेत.

इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते आणि ती सहसा सुटते. आपला ब्रँड अर्ध्या किमतीत विकला जातोय हे माल बनवणाऱ्या कंपनीला जगाला दिसू द्यायचं नसतं. साडेचार डॉलर देणाऱ्या गिऱ्हाइकाला ही बाटली दोनला मिळते असं कळलं, तर तो साडेचार का देईल? आणि मोठी सुपरमार्केटं लगेच विचारतील, आम्हाला का नाही हा दर? म्हणून जादा मालाच्या बाजारात पैशाइतकाच विश्वास चालतो. हा माल कुठल्या भागात विकायचा, जाहिरातीत नाव घ्यायचं की नाही, नेहमीच्या विक्रीला धक्का न लावता किती उचलायचा, हे सगळं बोलून ठरतं. आणि ठरलेलं पाळलं जातं की नाही यावर पुढचा फोन कुणाला जाणार ते अवलंबून असतं. कंपनीच्या विक्री विभागातल्या माणसाला माल उरल्यावर पहिला फोन आपल्यालाच करावासा वाटला पाहिजे, एवढ्यासाठी ग्रोसरी आउटलेटचे खरेदीदार वर्षानुवर्षं संबंध जपतात. निर्णयही झटपट लागतो. थोडीच मुदत राहिलेल्या दह्यासाठी तीन आठवडे बैठका घेत बसलं, तर घेण्यासारखं दही उरत नाही.

हा विश्वास जुना आहे. जिम रीड या माणसाने १९४६मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत दुकान काढलं, तेव्हा महायुद्ध नुकतंच संपलं होतं आणि सैन्यासाठी भरलेले अन्नाचे डबे उरले होते. ते स्वस्तात घेऊन विकणं हा त्याचा धंदा. सैन्याचा साठा कधीतरी संपणारच होता. १९७०च्या सुमारास डेल मॉन्टेसारख्या डबाबंद फळांच्या मोठ्या कंपनीचा उरलेला आणि वेष्टन बदललेला माल घ्यायला सुरुवात झाली आणि धंद्याला कायमचा झरा लागला. पुढे नातवंडांच्या पिढीपर्यंत रीड कुटुंबाने ही साखळी चालवली. मग गुंतवणूक कंपन्यांचे पैसे आले आणि शेवटी शेअर बाजार.

दुसरं वैशिष्ट्य दुकान चालवण्याच्या पद्धतीत आहे. प्रत्येक दुकान एक स्वतंत्र चालक सांभाळतो. बऱ्याचदा नवरा-बायको दोघं मिळून. जागेचं भाडेपट्ट्याचं काम ग्रोसरी आउटलेट कंपनीकडे. माल विकला जाईपर्यंत त्याची मालकीही कंपनीचीच, म्हणजे चालकाला लाखो डॉलरचा साठा विकत घेऊन अडकावं लागत नाही. विक्री झाली की ढोबळ नफ्याचा साधारण अर्धा वाटा चालकाचा. त्यातून तो नोकरांचे पगार आणि दुकानाचे इतर खर्च भागवतो, राहील ती त्याची कमाई. वर घेतलेल्या सॉसच्या उदाहरणात ६० सेंटांपैकी ३० त्याचे.

अशी वाटणी का? कारण जादा माल सगळीकडे सारखा खपत नाही. केंद्राने ठरवलं की प्रत्येक दुकानाला बकरीच्या दुधाच्या चीजची पन्नास खोकी पाठवायची, तर बर्कलीसारख्या विद्यापीठाच्या शहरात ती दोन दिवसांत संपतील आणि सेंट्रल व्हॅलीतल्या एखाद्या शेतकरी गावात पडून राहतील. मुदत आधीच कमी असलेला माल पुन्हा एकदा पडून राहिला तर मग खरंच कचऱ्यात जातो. म्हणून काय मागवायचं हे बहुतांशी चालकच ठरवतो. आपल्या गल्लीत कोण राहतं, महिन्याच्या कुठल्या तारखेला पगार होतात, कुठल्या घरात लहान मुलं आहेत, हे त्याला माहीत असतं. चुकला तर त्याचाही वाटा बुडतो, त्यामुळे तो विचार करून मागवतो. आपल्या वाण्याला जे उपजत कळतं ते या साखळीने आपल्या वाटणीच्या नियमात बसवलं आहे, आणि मला यात तिचं खरं शहाणपण दिसतं.

ही रचना किती नाजूक आहे ते २०२३मध्ये दिसलं. ऑगस्टच्या अखेरीस कंपनीने नवी संगणक प्रणाली सुरू केली आणि साठ्याचे, मागणीचे, नफ्याचे आकडे नीट दिसेनासे झाले. गोदामात नक्की काय आहे हे चालकाला कळलं नाही, तर त्याची निवड आंधळी होते. कंपनीला त्या काळात चालकांना आर्थिक आधार द्यावा लागला. २०२४मध्ये टेनेसीतल्या युनायटेड ग्रोसरी आउटलेटची ४० दुकानं विकत घेतली, मुख्याधिकारी बदलले, विस्ताराचा वेग पुन्हा तपासला गेला. शेअर बाजाराला दरवर्षी जास्त दुकानं हवी असतात. पण जादा माल कुणी मागणी नोंदवून बनवत नाही. दुकानं दुप्पट केली म्हणून देशातला उरलेला माल दुप्पट होत नाही. वाढ करायची तर एक तर जास्त कंपन्यांशी संबंध जोडायचे, नाही तर नेहमीच्या मालाचा हिस्सा वाढवायचा. आणि तो फार वाढला की हे दुकान इतर दुकानांसारखंच होऊन बसेल. माझ्या मते या साखळीपुढची सगळ्यात कठीण अडचण हीच आहे.

आता मुदतीबद्दल, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत. अमेरिकेत लहान बाळांच्या दुधाच्या पावडरीचा अपवाद सोडला, तर पाकिटावर तारीख छापण्याची केंद्रीय सक्ती नाही. बहुतेक तारखा कंपनी स्वतः ठरवते आणि त्या चवीबद्दल बोलतात. 'बेस्ट बाय'चा अर्थ इथपर्यंत चव उत्तम राहील. 'सेल बाय' तर ग्राहकासाठी नसतेच, ती दुकानदाराला फळी कधी बदलायची ते सांगते. पण घरी आणलेल्या दुधावर ती तारीख उलटली की लोक चांगलं दूध मोरीत ओततात. कॅलिफोर्नियाने म्हणूनच २०२४मध्ये कायदा केला की १ जुलै २०२६पासून ग्राहकाला दिसेल अशी 'सेल बाय' तारीख छापायची नाही, चवीसाठी एक ठरलेला शब्दप्रयोग आणि सुरक्षिततेसाठी दुसरा, एवढंच वापरायचं. असा कायदा खूप आधी व्हायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं. भारतात याच्या उलट, मुदत संपलेला पॅकबंद खाद्यपदार्थ विकणं हा सरळ गुन्हा आहे, त्यामुळे भारतातले नियम डोक्यात ठेवून अमेरिकेतल्या पाकिटाकडे बघितलं की विनाकारण भीती वाटते.

किमतीच्या पाटीबद्दलही एक सांगायला हवं. आपल्याकडे पाकिटावर एमआरपी छापलेली असते, तशी अमेरिकेत नसते. ग्रोसरी आउटलेटच्या पाटीवर त्यांची किंमत आणि शेजारी इतर दुकानांतली किंमत दिलेली असते. ती तुलना दुकानानेच केलेली असते. बहुतेक वेळा ती योग्य वाटते, तरी ज्या वस्तूचे दर आपल्याला पाठ आहेत त्यांच्यावर ती एकदा पडताळून पाहावी.

मग अन्नाच्या नासाडीचं काय? अमेरिकेच्या कृषी खात्याच्या अंदाजानुसार तिथल्या एकूण अन्नपुरवठ्याचा ३० ते ४० टक्के भाग वाया जातो. त्यातला मोठा हिस्सा घरांत आणि हॉटेलांत फेकला जातो, तिथे या साखळीचा हात पोहोचत नाही. ती वाचवते तो भाग कारखाना आणि दुकान यांच्या मधला. सॉस बनवायला टोमॅटो पिकवले, पाणी दिलं, काच वितळवली, ट्रक चालवला, आणि मग बाटली न उघडताच कचऱ्यात टाकली तर हे सगळंच फुकट जातं. उरलेलं अन्न दान करता येतं हे खरं. १९९६च्या केंद्रीय कायद्याने सद्भावनेने अन्न देणाऱ्याला दाव्यांपासून संरक्षण आहे, करातही सवलत मिळते. गरजूंना फुकट अन्न देणाऱ्या फूड बँकांना तो माल आधी जावा असं म्हणणारे लोक आहेत आणि त्यांची काळजी मला योग्य वाटते. पण ट्रकभर भोपळ्याचं क्रीम एकाच फूड बँकेला पेलत नाही. शिवाय फूड बँकेच्या रांगेत उभं राहायला न धजणारी, पण महिनाअखेर हिशेब जुळवताना घायकुतीला येणारी कितीतरी कुटुंबं आहेत. चांगलं चीज, ऑलिव्ह तेल, सेंद्रिय दही त्यांच्या टोपलीत मानाने येतं ते अशा दुकानामुळे. माझ्या लेखी ही लहान गोष्ट नाही.

बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात, नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांसाठी थोडं व्यवहाराचं. तूरडाळ, पोहे, गूळ यांसाठी भारतीय दुकानच गाठावं लागेल. इथे शोधायचं ते दही, चीज, लोणी, काबुली चण्याचे डबे, फ्रोझन भाज्या, सुका मेवा, कॉफी, साबण-शाम्पू. यादी घेऊन गेलात तर निराश व्हाल. म्हणून आधी इथे जावं, मिळेल ते घ्यावं, आणि राहिलेलं नेहमीच्या दुकानातून आणावं. तारीख प्रत्येक पाकिटावर बघायची, पण प्रश्न असा विचारायचा की आपल्या घरात हे त्या तारखेपर्यंत संपेल का. सहा दह्यांचा संच स्वस्त आहे म्हणून घेतला आणि चार फेकले, तर वाचलं काहीच नाही. फुगलेला, गळणारा किंवा जोडाजवळ खोल पोचलेला डबा कितीही स्वस्त असला तरी घ्यायचा नाही. बाळाची दूधपावडर तारखेनंतर अजिबात नाही. बाकी कुठलीही अनोळखी वस्तू आवडली की नाही हे एकच पाकीट घेऊन घरी चाखून बघावं. आवडली तर जास्तीची आणायला त्याच आठवड्यात परत जावं, कारण पुढच्या आठवड्यात त्या जागेवर दुसरंच काहीतरी मांडलेलं असण्याची शक्यता जास्त.